पंचवीस पुस्तकं आणि एक सही

सोमवार, ६ जानेवारी १९८६. लातूर

आज शिक्षणाधिकारी स्वतः वाचनालयात आले. त्यांना खुर्ची द्यावी तर तिच्यावर पुस्तकांचं पोतं होतं, ते आधी उचलावं लागलं. जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली, तरी वाचनालय भाड्याच्या तीन खोल्यांतच आहे आणि उस्मानाबादहून वाटणीत आलेली निम्मी पुस्तकं अजून सुतळीत बांधलेली.

ते म्हणाले, बारा मार्चला मंत्री येणार. त्या दिवशी सगळ्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन, विषय ‘माणूस अंतराळात’. दोन वर्षांपूर्वी आपला माणूस वर जाऊन आल्यापासून मुलं हेच विचारतात. म्हणून प्रत्येक हायस्कूलला एक पुस्तिका द्यायची. माणूस अंतराळात कसा गेला त्याच्या इतिहासावर काय वाचावं, अशी पंचवीस पुस्तकं आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी.

“तुम्ही करा, नीलाबाई. तुमचं नाव छापू.”

मी हो म्हणून बसले. ते गेल्यावर कपाट पाहिलं. आकाशावरची सात पुस्तकं निघाली, त्यातली दोन पत्रिका मांडण्याची.

घरी सांगितलं. सासूबाई उदगीरकडच्या, त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. त्या म्हणाल्या, “मंत्री तुझ्यासाठी येऊन राहिला?” हे म्हणाले, “न्हाई, टाकीसाठी.” नव्या वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटनही बारालाच आहे. टाकीचं काम यांच्याच देखरेखीखाली झालं. हे कनिष्ठ अभियंता, पण वसाहतीत सगळे ओव्हरसियरसायबच म्हणतात.

“म्हणजे एकाच दिवशी दोघांचं नाव,” मी म्हणाले. हे ताटावरून उठून हात धुवायला गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

रविवार, १२ जानेवारी

वसाहतीतून येत होते. टाकी उंच, कोरी, अजून चुना न लावलेली. खाली बायका रांगेत घागरी ठेवून बसलेल्या. टँकर दोन दिवसांनी येतो, कधी येतच नाही. आसपास झाड नाही, म्हणून टाकीच्या सावलीतच बसतात. पोरं तिथंच खेळतात, एकीनं खांबाला झोळी बांधली होती.

नागुबाईनं हाक मारली. तिचा नंबर नेहमी पुढचा असतो. माझ्या पदरात बोरं घातली. म्हणाली, “तुमच्या मालकानं आमाला लई जपलं. दिवाळीनंतर त्यांनी पानी दिलं म्हून पोरं वाचली.”

घरी आल्यावर विचारलं, कसलं पाणी? हे म्हणाले, “काही न्हाई. टँकर आला व्हता.” बोरं मात्र खाल्ली नाहीत. यांना आंबट आवडतं. नवलच वाटलं.

शनिवार, १८ जानेवारी. नांदेड

एसटीनं इथं आले. सोनकांबळे सर आमच्या देगलूरच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, निवृत्त होऊन इथं राहतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली स्वतः बनवलेली दुर्बीण. दोन लोखंडी ट्रंका उघडल्या तर नुसतं अंतराळ. रशियन पुस्तकांच्या फिरत्या गाडीतून घेतलेली, दिल्लीहून मागवलेली, काही रद्दीतून वाचवलेली.

माझी कच्ची यादी त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचली. पहिलं उड्डाण, पहिली बाई, पहिल्यांदा यानाबाहेर आलेला माणूस, चंद्र. वाचून झाल्यावर म्हणाले, “नीला, ह्यात सगळे परत आलेलेच हायत की गं.”

“मग?”

“जे आले न्हाईत त्यांच्याबद्दल काय वाचायचं?”

त्यांनी दोन पुस्तकं वेगळी काढली. एकात सदुसष्ट सालची आग आहे. यान जमिनीवरच उभं होतं, नुसती तालीम चालली होती, आत तिघं होते आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. दुसऱ्यात एकाहत्तर सालचे तिघे रशियन. परत येताना एक झडप नको तेव्हा उघडली आणि हवा निघून गेली. यान अलगद उतरलं. दार उघडलं तर तिघं आपापल्या जागी बसलेले, गेलेले.

मी म्हणाले, मुलांसाठीच्या पुस्तिकेत हे कशाला? सर म्हणाले, “मुलंच उद्या यंत्रं बनवनार न्हाईत का?”

तेरा पुस्तकं दिली. परतीची एसटी सुटायची आहे, आत बसून लिहिते. पिशवीचा बंद तुटला, पाठीमागच्या सीटवरच्या बाईनं दोरी दिली.

बुधवार, २९ जानेवारी

सकाळी सातच्या बातम्यांत सांगितलं. अमेरिकेचं यान काल उडाल्यावर दीड मिनिटाच्या आत आकाशातच फुटलं. सातही जण गेले. त्यात एक शाळेतली बाई होती, ती वरून मुलांना धडा शिकवणार होती.

मी चुलीजवळच बसून राहिले. माझ्या यादीला आत्ताच कोणीतरी काळं फासलं असं वाटलं. आधी हाच विचार आला, त्या सात जणांचा नंतर. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

हे रेडिओला कान लावून उभे होते. बातम्या संपल्यावर बंद न करता तसेच उभे राहिले, भक्तिगीतं सुरू झाली तरी. मग विचारलं, “कशामुळं झालं, सांगितलं का?”

“अजून कळलं नाही म्हणे.”

“कुणाला तरी कळलेलं असतंय,” हे म्हणाले, आणि चहा न घेता कामावर गेले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

यांचा डबा घासायला घेतला तर आत काँक्रीटचा तुकडा. डब्यात! चटणीचा वास आणि सिमेंटची भुकटी. मी बडबडले. अव्वांनी तो तुकडा घेऊन अंगठ्यानं दाबला. कडेनं वाळूसारखा सुटला. अव्वांनी यांच्याकडं पाहिलं, “सिद्धू, याके?” म्हणजे, का रे असं. हे म्हणाले, “अव्वा, ठेव तिथं.”

तो तुकडा आता देवळीत आहे. टाकायचा नाही म्हणतात.

एक बरं झालं. आगीचं पुस्तक हे रोज पहाटे उठून वाचतात. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझं एक पुस्तक कधी हातात घेतलं नव्हतं. आज विचारत होते, “त्या आतल्यांनी आधी तक्रार केली व्हती का?” मी म्हणाले, केली होती, वायरिंगबद्दल. यांनी पान दुमडून ठेवलं. पान दुमडू नका म्हटलं तर ऐकत नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मन ठिकाणावर नाही. यांच्या शर्टाच्या खिशावर कार्बनची निळी बोटं उमटलेली दिसली. हे काहीतरी लिहितात, मी आले की वहीखाली सारतात. पाकिटावर यांच्या साहेबांचा हुद्दा वाचता आला. तिसरं पाकीट आहे हे.

बदली. दुसरं काय असणार? नागुबाईसारख्या बायकांची रोजची कटकट, दुष्काळ, धूळ, यांना कंटाळा आला असणार. नांदेडला नाहीतर कुठंतरी जायचं असेल. आणि माझं वाचनालय? मला विचारायचं नाही?

विचारलं. “तुला मागाहून सांगतो,” एवढंच. मी दोन दिवस बोलले नाही. यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा राग जास्त आला.

पुस्तिकेच्या सतरा नोंदी झाल्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी यांचे साहेब घरी आले, कार्यकारी अभियंता. जीप दारात, सगळी गल्ली पाहत होती. अव्वांनी चहा केला, दूध शेजारून आणलं. हे बाहेर गेले होते. साहेब फार गोड बोलले.

“वहिनी, तुमच्या पुस्तिकेचं ऐकलं. कौतुक आहे. आता आमच्या सिद्धेश्वरलाही जरा समजवा. टाकी तयार असल्याच्या दाखल्यावर एक सही राहिली आहे त्याची, फक्त एक. कागद सगळे तयार. बारा तारखेला मंत्री येणार, आणि हा अडून बसलाय. म्हणतो, आधी टाकी पूर्ण भरून बघा. अहो, ह्या दुष्काळात भरून बघायला पाणी कुठून आणू? उद्घाटनालाच पहिल्यांदा भरायची ठरलंय. एवढ्या बायका पाण्यावाचून बसल्यात. कुणामुळं, सांगा.”

मला खरंच वाईट वाटलं. नागुबाई डोळ्यांसमोर आली.

हे आल्यावर मी म्हणाले, “करून टाका ना सही. सगळ्यांचं काम अडलंय. बायका तहानल्यात. मनासारखी बदली मिळेना म्हणून असं कुणी अडवतं का?”

यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं आपल्याला दुसऱ्याच नावानं हाक मारावी, तसं. “बदली?” म्हणाले. मग, “बरं.”

अव्वा माजघरातून म्हणाल्या, “नीला, बेडा. नको बोलू.” आज त्यांचाही राग आला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

हे दुपारीच ऑफिसातून परत आले. अंग गरम नव्हतं. भिंतीकडं तोंड करून पडले. सही केली का विचारायचं धाडस झालं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आजचा पेपर वाचनालयात दुपारी आला. फुटलेल्या यानाची चौकशी चालू आहे, तिची बातमी आतल्या पानावर होती. रॉकेट बनवणाऱ्या इंजिनिअरांनी उड्डाणाच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं: थंडी फार आहे, सांध्यातली रबरी कडी ताठरेल, उडवू नका. वरच्यांना ते पटलं नाही. तारीख आधीच पुढं ढकलत ढकलत आली होती. शेवटी इंजिनिअरांना बाजूला ठेवून वरच्यांनी होकार दिला.

पंचविसावी नोंद याचीच करू असं ठरवलं. पुस्तक नाही तर कात्रण तरी. लिहायला बसले: “ज्याला यंत्र ठाऊक होतं, तो नको म्हणत होता. त्याच्या साहेबाला त्याची सही…”

इथं पेन थांबलं. त्या बातमीत सहीचं काहीच नव्हतं. सही मी कुठून आणली?

वाचनालयाला कुलूप लावलं, चार वाजताच. घरी येऊन यांच्या वहीखालच्या कार्बन प्रती काढल्या. तीन पत्रं, सारखीच. उतरवून ठेवते:

“दि. १९ ते २५ नोव्हेंबर या सात दिवसांत टाकीच्या तळाच्या नव्या काँक्रीटवर मारण्यासाठी आलेले पाण्याचे टँकर मी रांगेतील महिलांना वाटून दिले. काँक्रीटला पाणी मिळाले नाही. ते कच्चे राहिले आहे असे मला तपासणीत दिसते. लोकांना दूर ठेवून टाकी पूर्ण भरून पाहावी. तोवर टाकीखाली कार्यक्रम किंवा वस्ती होऊ देऊ नये. चूक माझी आहे.”

नोव्हेंबर. दिवाळीनंतरचं पाणी. आणि मी बदली बदली करत बसले होते.

हे आले तेव्हा पत्रं माझ्या मांडीवरच होती. हे दारातच बसले. म्हणाले, “बायका सकाळधरून बसून व्हत्या, नीला. एकीच्या काखेतलं लेकरू जिभल्या चाटत व्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते पानी काँक्रीटवर ओतायचं… जमलं न्हाई मला.”

“मग साहेबांना तेव्हाच का नाही सांगितलं?”

“भ्यालो.”

“आणि सही?”

“न्हाई केली. पन आता साहेब दुसऱ्याची घेनार.”

मंगळवार, ४ मार्च

कलेक्टर साहेबांकडं पुस्तिकेची बैठक. शिक्षणाधिकारी, छापखान्याचा माणूस आणि मी. यांच्या पत्राची प्रत माझ्या पिशवीत. यांना विचारून घेतली होती. हे म्हणाले, “माझं काय व्हायचं ते व्हू दे.” अव्वांनी माझ्या कपाळाला विभूती लावली.

शेवटच्या नोंदी शिक्षणाधिकाऱ्यांना पटल्या नाहीत. आग, झडप, आता हा स्फोट. “शुभ प्रसंगाला मरणाच्या गोष्टी कशाला? हे पान काढा.”

कलेक्टर तरुण आहेत, बाहेरच्या राज्यातले, सावकाश मराठी बोलतात. मला म्हणाले, “तुम्ही सांगा. ठेवायचं का?”

मी पिशवी मांडीवर घेतली. म्हणाले, “साहेब, हवं तर काढा. पण मग टाकी भरून बघा.”

कुणालाच कळेना. मी पत्र पुढं केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. शिक्षणाधिकारी खिडकीबाहेर पाहू लागले, जणू आम्ही ओळखीचे नव्हतो.

कलेक्टरांनी विचारलं, “मंडप कुठं घालणार आहेत?”

“टाकीखालीच. सावली आहे म्हणून.”

“मंत्री तिथंच बसणार?”

“आणि शाळेची मुलं. स्वागतगीताला.”

त्यांनी फोन उचलला. उद्घाटनासाठी ठरलेल्या पाण्यानंच परवा सकाळी टाकी भरायची, आसपास कोणी नको. फोन ठेवून मला म्हणाले, “टाकी चांगली निघाली, तर तुमच्या यजमानांनी दुष्काळात पाणी अडवलं असंच होईल. माहीत आहे ना?”

माहीत आहे, मी म्हणाले.

गुरुवार, ६ मार्च

दिवसभर तिथंच होते. जमेल तसं लिहिते.

सकाळी सहाला पाणी चढवायला सुरुवात झाली. पोलिसांनी बांबू बांधून सगळ्यांना शाळेच्या भिंतीपर्यंत मागं नेलं. बायका घागरी घेऊनच आल्या होत्या. टाकी भरली की आजच पाणी सोडतील अशी त्यांची समजूत. हे खाली एकटे, मान वर करून.

पाव टाकी. काही नाही. साडेनऊला अर्धी. काही नाही. यांचे साहेब खुर्चीवर बसले होते, उठून कुणाला तरी हसत काहीतरी म्हणाले. बायकांत कुजबूज वाढली. “मग आमाला कशाला कोंडून ठिवलं?”

देवा, मी मनात म्हणत होते, फुटू दे. एवढं पाणी, एवढ्या बायका, आणि मी फुटू दे म्हणत होते.

अकराच्या सुमाराला तळाला ओल दिसली, ताटाएवढी. मग चादरीएवढी. यांनी हात वर करून पाणी चढवणं थांबवायला लावलं. आता आतलं पाणी सोडायचं होतं, आणि त्याचं चाक टाकीखाली, मधल्या खांबाजवळ. ज्या माणसाकडं ते काम होतं तो जागचा हलेना. साहेब ओरडले, “सिद्धेश्वर, राहू दे!” हे चालत आत गेले. पळत नव्हते. चाक घट्ट बसलेलं. मी बांबूखालून गेले तर पोलिसानं दंड धरला. यांनी बूट काढून चाकावर आपटला, पुन्हा आपटला, आणि चाक फिरलं. जाड धार नाल्यात पडायला लागली. तसेच चालत बाहेर आले, एक पाय अनवाणी.

चादरीएवढी ओल वाढतच होती. दहा मिनिटं झाली असतील. आधी आवाज नाही, फक्त वरून भुकटी पडली. मग तळाचा एक तुकडा खाली आला, खाटेएवढा, आणि त्याच्यामागं पाणी. जिथं बायका रोज बसतात तिथं जमिनीत खड्डा पडला.

मग बायका धावल्या. बांबू मोडला. कोसळत्या पाण्यापासून पोलीस त्यांना अडवत होते, त्या दोन्हीकडून वाट काढत होत्या. चिखलातून वाहत येणारं पाणी तांब्यांनी, वाट्यांनी घागरीत भरत होत्या, पदर भिजवून पिळत होत्या.

नागुबाई यांच्यासमोर आली, कोपरापर्यंत चिखल. “काय केलं हे सायब? आमच्या तोंडचं पानी मातीत घातलं!”

मला ओरडून सांगायचं होतं तिला, तो खड्डा बघ, तुझी जागा बघ. पण तिनं पाठ फिरवली होती आणि घागर भरत होती.

बुधवार, १२ मार्च

मंत्री आले नाहीत. प्रदर्शन झालं. पुस्तिका छापून आली, पंचवीसच्या पंचवीस नोंदी. एका मुलीनं झडपेची नोंद उभ्या उभ्या वाचली आणि विचारलं, हे पुस्तक तुमच्याकडं आहे का. आहे म्हणाले. पण सरांचं आहे, जपून वापर.

चौकशी सुरू झाली. ठेकेदाराचं काय निघेल ते निघेल. यांनी स्वतःचा सात दिवसांचा भाग लिहून दिला आहे, त्यामुळं सगळी बोटं आधी तिकडंच वळतात.

सोमवार, ३१ मार्च

बदली झाली, नांदेडच्या पलीकडं, हदगावला. उद्या हजर व्हायचं. मी आणि अव्वा इथंच राहणार, वाचनालय आहे म्हणून. साहेब आहेत तिथंच आहेत.

सकाळी स्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी फलाटाला लागली होती. खिडकीतून पिशवी आत टाकून यांनी जागा धरली आणि खाली येऊन उभे राहिले. मी म्हणाले, “मी तुम्हाला सही करा म्हणाले होते. ते वहीत लिहिलंय. फाडून टाकावं वाटलं.”

“नको फाडू,” हे म्हणाले. मग म्हणाले, “तू म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी पेन काढलं व्हतं.”

“काय?”

“साहेबांनी कागद पुढं केला. मी लिहायला लागलो. ‘सि’ एवढं लिहून झालं, आणि शेजारच्या खोलीत फोन वाजला. साहेब उठून गेले. मी त्या ‘सि’कडं बघत बसलो. मग कागद तिथंच ठिवला आन घरी आलो.”

“आणि साहेब लगेच परत आले असते तर?”



“तर पुरी केली असती,” हे म्हणाले.

कंडक्टरनं घंटी मारली. हे चढले. गाडी वळेपर्यंत मी उभी होते.

घरी आले तर अव्वा दारातच. “जागा मिळाली का त्याला खिडकीजवळ?”

मिळाली, म्हणाले.